डायस्प्रोशियमच्या जोडीत कपलिंगचा उपयोग किती, आणि असा रेणू हवेत टिकवायचा कसा?

प्रश्न रेणू-चुंबकांचा, म्हणजे एकट्यानेच चुंबकन धरून ठेवणाऱ्या रेणूंचा आहे, आणि थोडक्यात असा: फेनॉक्साइडच्या दोन ऑक्सिजनांनी जोडलेल्या दोन डायस्प्रोशियम थ्री-प्लस आयनांचा कॉम्प्लेक्स तयार झाला आहे. काय-टी (चुंबकीय ग्राह्यता गुणिले तापमान) ३०० केल्विनला २८च्या आसपास येतो आणि थंड करत गेलं की १८पर्यंत उतरतो. एसी मापनातून (उलटसुलट बदलणाऱ्या फील्डमधल्या मोजणीतून) सुमारे ९० केल्विनचा बॅरियर, म्हणजे चुंबकन उलटायला चढावा लागणारा ऊर्जेचा अडथळा, निघतो, पण २ केल्विनलासुद्धा हिस्टेरिसिसचा लूप (फील्ड पुढे-मागे फिरवताना चुंबकनाच्या वक्राचा फास) शून्य फील्डपाशी मिटतो. दोन आयनांमधलं कपलिंग, म्हणजे त्यांची चुंबकीय जोडणी, वाढवलं तर लूप उघडेल का? त्यासाठी कोणता ब्रिज (दोघांना जोडणारा गट) घ्यावा? आणि हे ग्लोव्हबॉक्सच्या बाहेर टिकेल असं करता येईल का?

आधी निकाल सांगतो, मग कारणं. लॅन्थॅनाइडच्या (डायस्प्रोशियम ज्या कुटुंबातला आहे त्या धातूंच्या) जोडीत कपलिंगचं मुख्य काम बॅरियर वाढवणं हे नाही. शून्य फील्डला होणारं टनेलिंग, म्हणजे बॅरियर न चढता आरपार उलटणं, अडवणं हे आहे. फेनॉक्साइडवरून मिळणारं कपलिंग ते काम दोन-चार केल्विनपर्यंतच करू शकतं. खरोखर जबरदस्त कपलिंग हवं असेल तर ब्रिजवर किंवा दोन धातूंच्या मध्ये एक एकटा इलेक्ट्रॉन लागतो, आणि अशा रेणूला सहसा हवा सोसत नाही. म्हणून तुमच्या बाबतीत पहिलं काम कपलिंगचं नाही, प्रत्येक आयनाचा चुंबकीय अक्ष नीट करण्याचं आहे.

आता काय-टी. तो २८वरून १८ला आला, म्हणजे अँटिफेरोमॅग्नेटिक, दोघांना उलट्या दिशेने धरणारं, कपलिंग आहे, असं बहुतेक जण लिहून मोकळे होतात. डायस्प्रोशियमच्या बाबतीत हे अनुमान चालत नाही. मुक्त आयनाचा काय-टी १४.१७, दोघांचा २८.३४. आयनाचा एकूण कोनीय संवेग १५/२ म्हणजे सोळा अवस्था, आणि लिगँडच्या (धातूला चिकटलेल्या गटांच्या) क्षेत्रात त्यांची आठ क्रेमर्स डब्लेटं, म्हणजे समान ऊर्जेच्या अवस्थांच्या जोड्या, होतात. ती काहीशे प्रति सेंमीच्या (हे ऊर्जेचं एकक) पट्ट्यात पसरलेली असतात. ३०० केल्विनला केटी साधारण २०८ प्रति सेंमी असतो, त्यामुळे बरीचशी डब्लेटं भरलेली असतात. थंड करत गेलं की वरची रिकामी होतात आणि काय-टी उतरतो. शेजारी दुसरा आयन नसला तरी उतरतो.

किती उतरेल याचा हिशेब हाताने होतो. ग्राउंड डब्लेट (सगळ्यांत खालचं) अगदी शुद्ध, प्लस-मायनस १५/२ असेल तर अक्षावरचा जी-गुणक, जी-झेड, २० आणि बाकीचे दोन, आडवे, शून्य. भुकटीच्या नमुन्यात एका आयनाचा काय-टी तेव्हा १२.५ येतो, दोघांचा २५. कपलिंग अजिबात नसताना आदर्श अक्षीय जोडी २८.३वरून २५ला येऊन थांबेल. जी-झेड १८ धरला आणि आडवे जी अगदी लहान धरले, तर दोघांचा मिळून २०च्या थोडं वर. म्हणजे तुमच्या १८मागे कमी अक्षीयता असू शकते, थोडं अँटिफेरो कपलिंग असू शकतं किंवा दोन्ही मिसळलेलं असू शकतं. या वक्रातून ते वेगळं काढता येणार नाही. मोजताना फील्ड ०.१ टेस्लापेक्षा बरंच जास्त असेल तर अगदी खालच्या तापमानातली घसरण चुंबकनाच्या संपृक्ततेमुळेही आलेली असू शकते. तेही तपासा.

वेगळं काढायचा रस्ता गॅडोलिनियमचा. तोच लिगँड, तीच कृती, फक्त धातू बदला. गॅडोलिनियमचा ४-एफ-७ गोल असतो, ऑर्बिटलचा वाटा नसतो, त्यामुळे काय-टीचा वक्र कपलिंगच्या एकाच आकड्याने, जेने, बसतो. आणि हो, हॅमिल्टोनियन (ऊर्जेचं सूत्र) मायनस-जे धरलाय की मायनस-टू-जे, हे आधी कागदावर लिहून ठेवा. निरनिराळ्या पेपरांतले आकडे शेजारी ठेवताना हा दोनाचा गुणक सगळा घोळ करतो. फेनॉक्साइडच्या जोड्यांत गॅडोलिनियमचा जे साधारणपणे एक दशांश प्रति सेंमीच्या आसपास किंवा त्याहून लहान असतो. समजा तो मायनस-जे पद्धतीत ०.०५ आला. डायस्प्रोशियमचा स्पिन ५/२, गॅडोलिनियमचा ७/२, म्हणून ४९/२५ने गुणायचं: सुमारे ०.१. डायस्प्रोशियमचे स्पिन अक्षावर बांधलेले धरले, तर समांतर आणि प्रतिसमांतर अवस्थांतलं अंतर दोन गुणिले ०.१ गुणिले ६.२५, म्हणजे जेमतेम १.२ प्रति सेंमी.

आता याच्या शेजारी नुसता द्विध्रुवी परिणाम ठेवा. प्रत्येक आयनाचा चुंबकीय आघूर्ण सुमारे १० बोर मॅग्नेटॉन, दोघांत ४ अँगस्ट्रॉम अंतर, आणि दोघांचे अक्ष एकमेकांना जोडणाऱ्या रेषेवरच असले तर समांतर आणि प्रतिसमांतर अवस्थांत २.७ प्रति सेंमीचं अंतर पडतं. म्हणजे ब्रिजवरून होणाऱ्या एक्सचेंजच्या दुपटीहून जास्त. ब्रिजवरून इलेक्ट्रॉनांची जी देवाणघेवाण होते ती या आयनांत इतकी क्षीण असते, की मधल्या रिकाम्या जागेतून लागणारं साधं चुंबकीय बळच वरचढ ठरतं. कारण सरळ आहे: ४-एफ कक्षक ५-एस आणि ५-पीच्या कवचाआड दडलेले असतात, लिगँडपर्यंत त्यांचा हात पोचत नाही.

याचा एक फायदा आहे: द्विध्रुवी परिणाम भूमितीतून आधीच कळतो, आणि म्हणून तो योजनेत बसवता येतो. अक्ष जोडरेषेवर असतील तर ते समांतर राहायला बघतात. अक्ष रेषेला काटकोनात असतील, तर शेजारी शेजारी उभे असल्यामुळे उलटे राहायला बघतात आणि परिणाम निम्मा होतो, १.३५ प्रति सेंमी. मधे ५४.७ अंशांवर तो शून्य होतो. तुमच्या स्फटिकरचनेत रेणूच्या मध्यावर व्युत्क्रम केंद्र असेल, तर दोन अक्ष आपोआप समांतर असणार. मग फक्त त्यांचा जोडरेषेशी कोन काढायचा राहतो. अॅब इनिशिओ (मूळ क्वांटम समीकरणांवरून केलेल्या) गणनेतून तो मिळेल. तोवर स्फटिकरचनेत सगळ्यांत आखूड डायस्प्रोशियम–ऑक्सिजन बंध शोधा, अक्ष बहुधा त्याच्याच जवळपास असतो.

मग कपलिंग नेमकं करतं काय? एकट्या डायस्प्रोशियमच्या ग्राउंड डब्लेटमध्ये 'वर' आणि 'खाली' या दोन अवस्था शून्य फील्डला समान ऊर्जेच्या असतात. विषम इलेक्ट्रॉनांमुळे क्रेमर्सच्या प्रमेयाने त्यांच्यात आपणहून फट पडत नाही, पण शेजाऱ्यांची भटकी क्षेत्रं आणि केंद्रकाचा स्पिन तिथे शिरकाव करतात. नैसर्गिक डायस्प्रोशियमपैकी सुमारे ४४ टक्के अणू १६१ आणि १६३ या समस्थानिकांचे असतात, आणि त्या दोघांचा केंद्रकीय स्पिन ५/२ आहे. ग्राउंड डब्लेटचे आडवे जी जरा मोठे असले की चुंबकन बॅरियर न चढता आरपार निसटतं. लूप शून्यापाशी मिटतो तो यामुळे.

आता दुसरा आयन जोडा. दोघे एका जुवाला जुंपलेल्या बैलांसारखे होतात, एकट्याला वळता येत नाही. एकाने उलटायचं म्हटलं तर कपलिंगची किंमत मोजावी लागते, आणि दोघांनी एकदम उलटायची शक्यता फारच कमी. वरच्या उदाहरणात शेजाऱ्याचं क्षेत्र सुमारे ०.२९ टेस्ला येतं, त्यामुळे टनेलिंगचा पायरीसारखा उतार शून्यावरून उचलून तिकडे ०.२९ टेस्लापाशी सरकतो. पण २.७ प्रति सेंमी म्हणजे चार केल्विनही नाहीत. तापमान त्याच्या आसपास गेलं की जोडीची वरची अवस्था भरते आणि तिथून पुन्हा वाट मोकळी होते. अशा कपलिंगची राखण तिथे संपते.

इथे तुमच्या लूपबद्दल एक बारकावा आहे आणि तो फार लोक नजरेआड करतात. जोडीची ग्राउंड अवस्था अँटिफेरो असेल, तर ती मुळातच बिनचुंबकी असते. चुंबकन कितीही पक्कं अडकलेलं असलं तरी शून्य फील्डला उरणार काहीच नाही, आणि लूप शून्यापाशी मिटलेलाच दिसेल. अॅनी पॉवेल आणि सहकाऱ्यांनी २००६ साली दाखवलेला तीन डायस्प्रोशियमचा त्रिकोण याचा नामांकित नमुना आहे. तिथे तिन्ही आघूर्ण त्रिकोणाच्या प्रतलात गोल फिरल्यासारखे बसतात, ग्राउंड अवस्था जवळजवळ बिनचुंबकी, तरीही रिलॅक्सेशन, म्हणजे चुंबकनाचं उलटून ओसरणं, संथ. म्हणून नुसतं 'लूप मिटला' यावर थांबू नका. चुंबकनाचं फील्डनुसार विकलन काढा. शिखर नेमकं शून्यावर असेल तर दोषी एकट्या आयनाचं टनेलिंग. शून्याच्या दोन्ही बाजूंना, ०.१ ते ०.३ टेस्लाच्या पट्ट्यात जोडीने शिखरं असतील आणि त्यापलीकडे लूप उघडा असेल, तर तुमचं कपलिंग काम करतंय, पण त्याचं चिन्ह उलटं, अँटिफेरो आहे. उपाय पूर्णपणे वेगळे आहेत. पहिल्यात लिगँड बदलावा लागतो, दुसऱ्यात अक्षांची दिशा.

बॅरियरबद्दल थोडं थांबून बोललं पाहिजे, कारण थीसिसमध्ये तोच आकडा ठळक छापला जातो. २०१६ साली दोन टर्शरी ब्यूटॉक्साइड अक्षावर आणि पाच पिरिडीन विषुववृत्तावर (अक्षाभोवतीच्या आडव्या पट्ट्यात) असलेला डायस्प्रोशियमचा कॉम्प्लेक्स आला: बॅरियर १८१५ केल्विन, ब्लॉकिंग तापमान (ज्याखाली चुंबकन अडकून राहतं) १४ केल्विन. २०१७ साली डायस्प्रोसेनियम आलं, म्हणजे दोन अवजड सायक्लोपेंटाडायनिल कड्यांच्या मधे एकटा डायस्प्रोशियम: बॅरियर १७६० केल्विन, आणि हिस्टेरिसिस ६० केल्विनपर्यंत. बॅरियर जवळजवळ सारखा, टिकाव चौपट. जो फरक पडला तो बॅरियरखालच्या वाटांमुळे: रामन रिलॅक्सेशन (कंपनांच्या मदतीने निसटणं) आणि टनेलिंग. सायक्लोपेंटाडायनिलची ताठ कडी ज्या कंपनांना वाव देतात, ती चुंबकनाशी तितकीशी जुळत नाहीत. पिरिडीनचे पाच हात मात्र खालच्या ऊर्जेवर हलत राहतात. तुमच्या ९० केल्विनच्या आकड्याबद्दलही हीच शंका घ्या. तो अऱ्हेनियस आलेखातल्या वरच्या चार-पाच बिंदूंवर सरळ रेष ओढून काढला असेल, तर त्यात रामनचा वाटा मिसळलेला असण्याची बरीच शक्यता आहे. ऑर्बाख (बॅरियर चढून जाणारी वाट), रामन आणि टनेलिंग एकत्र बसवा आणि जवळच्या डब्लेटचं गणिताने आलेलं स्थान शेजारी ठेवून बघा.

ब्लॉकिंग तापमान सांगतानाही व्याख्या सोबत द्या. शंभर सेकंदांचा रिलॅक्सेशन काळ, शून्य-फील्डमध्ये थंड केलेल्या वक्राचं शिखर आणि लूप उघडा दिसणारं कमाल तापमान, या तिन्हींचे आकडे वेगळे येतात. शेवटचा तर फील्ड किती वेगाने फिरवलं यावर ठरतो.

आता जबरदस्त कपलिंग. इथली गोष्ट मला आजही विलक्षण वाटते. २०११ साली बर्कलीत जेफ्री राइनहार्ट, जेफ्री लाँग आणि सहकाऱ्यांनी दोन लॅन्थॅनाइडांमध्ये डायनायट्रोजनचा ब्रिज ठेवला. ब्रिजवर दोन ऋणभार असताना सगळे इलेक्ट्रॉन जोडीत असतात, आणि गॅडोलिनियमचा जे मायनस-टू-जे पद्धतीत उणे ०.४९ प्रति सेंमी येतो. त्याच ब्रिजला एक इलेक्ट्रॉन जास्त दिला, तीन ऋणभार झाले, ब्रिज रॅडिकल, म्हणजे बिनजोडीच्या इलेक्ट्रॉनचा, झाला, आणि जे उणे २७वर गेला. रेणूचा सांगाडा तोच, फरक एका इलेक्ट्रॉनचा, कपलिंग पन्नास पटींहून जास्त. रॅडिकलचा पसरट कक्षक स्वतःच ४-एफपर्यंत पोचतो आणि दोन्ही आयनांना आपल्या विरुद्ध दिशेने जखडतो. परिणामी दोन्ही धातू एकमेकांना समांतर होतात. डायस्प्रोशियमच्या या रेणूत बॅरियर १२३ प्रति सेंमी, आणि हिस्टेरिसिस ८.३ केल्विनपर्यंत. टर्बियमच्या भावंडात १३.९ केल्विनचं ब्लॉकिंग आणि ११ केल्विनला सुमारे ५ टेस्लाचं कोअर्सिव्ह फील्ड (चुंबकन शून्यावर आणायला लागणारं उलटं फील्ड). आकडा आयनाच्या एकट्याच्या बॅरियरच्या मानाने मोठा नाही, पण शून्याजवळचं टनेलिंग अक्षरशः मोडून पडलं. टर्बियममध्ये इलेक्ट्रॉन सम, म्हणून क्रेमर्सचं संरक्षण नाही. रॅडिकलचा एक इलेक्ट्रॉन मिळाल्यावर एकूण संख्या विषम झाली आणि तेही साधलं.

बायपिरिमिडीनचा रॅडिकल घेऊनही हा रस्ता चालून झाला आहे. तिथे गॅडोलिनियमचा जे उणे १०, कारण रॅडिकल मोठ्या कडीवर पसरतो आणि प्रत्येक धातूच्या वाट्याला कमी येतो. रॅडिकल जितका आटोपशीर तितकं कपलिंग मोठं, आणि तितकाच तो भुकेला.

२०२२ साली बर्कलीच्याच गटाने ब्रिजच मधून काढून टाकल्यासारखं केलं. दोन डायस्प्रोशियम, तीन आयोडाइड, दोन्ही टोकांना पाच आयसोप्रोपिल असलेली सायक्लोपेंटाडायनिलची कडी, आणि दोन धातूंच्या मधल्या सिग्मा कक्षकात एकच इलेक्ट्रॉन. चार आयोडाइडच्या पूर्ववर्ती संयुगाला पोटॅशियम ग्रॅफाइटने एक इलेक्ट्रॉन दिला की हे मिळतं. गॅडोलिनियमच्या रूपात धातू-इलेक्ट्रॉन कपलिंग काहीशे प्रति सेंमी येतं आणि सगळे स्पिन एकाच दिशेला. शिवाय तिन्ही आयोडाइड विषुववृत्तावर आणि कडी व मधला इलेक्ट्रॉन अक्षावर, म्हणजे चपट्या ढगाच्या डायस्प्रोशियमला हवं तेच क्षेत्र. निकाल असा की कोअर्सिव्ह फील्ड डायस्प्रोशियममध्ये ५० केल्विनपर्यंत आणि टर्बियममध्ये ६० केल्विनपर्यंत १४ टेस्लाच्याही वर. मोजणाऱ्या यंत्राचं चुंबक अपुरं पडलं.

याच्या शेजारी २०२५ सालचा डायस्प्रोशियमचा एकट्या आयनाचा कॉम्प्लेक्स ठेवा, दोन सिलिलअमाइड आणि बाजूला अल्कीन असलेला, मँचेस्टर आणि ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीच्या गटांचा. बॅरियर १८४३ प्रति सेंमी, हिस्टेरिसिस १०० केल्विनपर्यंत. तापमानात तो पुढे आहे. पण त्याचा तिथला लूप मऊ आहे, शून्यापाशी अरुंद. एकटा आयन अक्षीय क्षेत्रावर तापमान वाढवत नेतो, पण शून्य फील्डला चुंबकन धरून ठेवायचं तर जोडीदार लागतो. कपलिंगचा नेमका उपयोग कोणता, हे या दोन रेणूंइतकं स्पष्ट मला दुसरीकडे कुठे दिसलेलं नाही.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाकडे येतो, टिकाऊपणाकडे. हे सगळे विक्रमी रेणू हवेत का टिकत नाहीत? रॅडिकल ब्रिज ऑक्सिजनला इलेक्ट्रॉन देऊन टाकतो, ते उघड आहे. डायस्प्रोसेनियममध्ये रॅडिकल नाही, तरी तेही टिकत नाही, आणि हे कारण जास्त शिकवणारं आहे. उत्तम अक्षीय क्षेत्रासाठी विषुववृत्त रिकामं ठेवावं लागतं. लॅन्थॅनाइडला आठ-नऊ शेजारी आवडतात, त्यामुळे रिकामी जागा दिसली की पाणी, टीएचएफ (टेट्राहायड्रोफ्युरान हा द्रावक), ईथर, जे मिळेल ते तिथे येऊन बसतं. म्हणून पर्फ्लुओरोअरिल बोरेटसारखे कुणाला न चिकटणारे ऋणायन लागतात आणि द्रावकही अगदी निवडून घ्यावे लागतात. डायनायट्रोजनच्या जोड्यांतही हेच दिसलं: टीएचएफ निघून गेलं की ब्लॉकिंग वाढतं. टीएचएफचा एक रेणू इतकं बिघडवतो, तर पाण्याने काय होईल याची कल्पना येईल.

यातून बाहेर पडायची माझी सर्वांत आवडती वाट मुंबईतली आहे. २०१६ साली पवईच्या आयआयटीत रामस्वामी मुरुगवेल आणि गोपालन राजारामन यांच्या गटांनी डायस्प्रोशियमच्या विषुववृत्तावर पाच पाण्याचे रेणूच बसवले, आणि अक्षावर दोन अवजड फॉस्फोनामाइडचे ऑक्सिजन. जे पाणी इतरांच्या रेणूचा घात करतं, तेच इथे लिगँड आहे. बाहेरून ओलावा आला तर त्याला आत शिरायला जागाच उरत नाही. फॉस्फोरिल ऑक्सिजन अक्षावर जवळ आणि भरगच्च ऋणभाराचे, पाणी विषुववृत्तावर दूर आणि दुबळं, एकूण आकार पंचकोनी द्विपिरॅमिड. ही उच्च सममिती आडवे जी दाबून टाकते, त्यामुळे रिलॅक्सेशन पहिल्या वरच्या डब्लेटवरून न जाता दुसऱ्यावरून जातं. बॅरियर ७३५ केल्विन. ब्लॉकिंग १२ केल्विन, आणि फील्ड सेकंदाला ०.०२ टेस्ला या वेगाने फिरवलं तर ३० केल्विनपर्यंत लूप उघडा. नमुना साध्या हवेत ठेवता येतो. ६० किंवा १०० केल्विनच्या मानाने आकडा लहान आहे हे खरं, पण ज्याला हा रेणू पृष्ठभागावर नेऊन बघायचाय, दुसऱ्या प्रयोगशाळेत पाठवायचाय, पुन्हा पुन्हा मोजायचाय, त्याला बाटलीत बिघडणाऱ्या विक्रमी रेणूपेक्षा हा जास्त उपयोगी पडेल.

टिकाऊपणाच्या दुसऱ्या टोकाला फ्थॅलोसायनिन आहे. नाओतो इशिकावा यांनी २००३ साली टर्बियमच्या दोन-मजली फ्थॅलोसायनिनमध्ये सुमारे २३० प्रति सेंमीचा बॅरियर दाखवला आणि लॅन्थॅनाइडचं हे क्षेत्र खरं तिथून सुरू झालं. या कुटुंबातला उदासीन रेणू निर्वातात बाष्प करून धातूच्या पृष्ठभागावर मांडता येतो, इतका दणकट. टनेलिंगपुढे मात्र तो दुबळा पडतो.

आणि कपलिंग व टिकाव दोन्ही एकत्र हवं असेल तर फुलेरीन. ड्रेस्डेनच्या गटाने २०१७ साली सी-८०च्या पिंजऱ्यात दोन डायस्प्रोशियम ठेवले, बाहेरून एक बेंझिल गट लावला, आणि दोन धातूंच्या मधल्या बंधात एकच इलेक्ट्रॉन राहिला. वर सांगितलेल्या तीन आयोडाइडच्या रेणूत जी गंमत आहे तीच इथे, पण कार्बनच्या कवचाआड, हवेत टिकणारी. शंभर सेकंदांचं ब्लॉकिंग १८ केल्विन. अडचण मिळकतीची: विद्युत-ज्वाळेतून काजळी काढायची, एचपीएलसीवर (उच्च दाबाच्या क्रोमॅटोग्राफीवर) दिवसचे दिवस वेगळं करायचं आणि हाती काही मिलिग्रॅम. तुमच्या प्रयोगशाळेत ती सोय नसेल तर या वाटेला जाऊ नका.

तुमच्या फेनॉक्साइडच्या रेणूसाठी मी काय करेन ते सांगतो. ब्रिजच्या ऑक्सिजनवर दोन धातूंचा हक्क असतो, त्यामुळे प्रत्येकाला तो अर्धवट मिळतो आणि अक्ष कुठे वळेल याचा भरवसा राहत नाही. म्हणून दोन्ही टोकांना, ब्रिजच्या प्रतलाला उभे असे, प्रत्येक आयनावर दोन जवळचे ऋणभारित दाते आणा: ट्रायफिनाइलसिलोक्साइड चांगला, आखूड बंध देतो आणि त्याची गर्दी पाण्यालाही अडवते. ब्रिज मग विषुववृत्तावर जाईल. तिथे क्लोराइडसारखा दुबळा ब्रिज चालेल. एवढ्याने अक्ष जोडरेषेला काटकोनात येतील आणि द्विध्रुवी कपलिंग अँटिफेरो होईल, हे आधीच स्वीकारा. लूप शून्यापाशी चिमटलेला दिसेल, पण बाजूंना उघडा राहील आणि त्याचं कारण तुम्हाला ठाऊक असेल. शून्याला चुंबकन हवंच असेल तर अक्ष रेषेवर आणावे लागतील, आणि त्यासाठी मधला ब्रिजच अक्षीय दाता असावा लागेल. ते साधणं या लिगँडने होणार नाही.

त्याआधी बिनचुंबकी यिट्रियममध्ये विरळ केलेला नमुना जरूर करा. दोघांच्या आकारात फारसा फरक नाही, त्यामुळे एकाच जाळीत सहज बसतात. पाच टक्के डायस्प्रोशियम घेतला आणि वाटणी निव्वळ योगायोगाने झाली, तर एकूण रेणूंपैकी सुमारे ९० टक्के यिट्रियम-यिट्रियम, साडेनऊ टक्के मिश्र आणि फक्त पाव टक्का दोन्ही डायस्प्रोशियमचे. म्हणजे डायस्प्रोशियमपैकी ९५ टक्के आयनांना रेणूत जोडीदार यिट्रियम मिळतो. त्यांची टनेलिंगची गती आणि मूळ जोडीची गती यांच्यातला फरक हाच तुमच्या कपलिंगचा खरा पुरावा. अट एकच, आयसीपीने (मूलद्रव्यांचं प्रमाण मोजणाऱ्या पद्धतीने) प्रत्यक्ष प्रमाण तपासा, कृतीत घातलेलं प्रमाण स्फटिकात उतरलंच असेल असं नाही.

मोजताना काही गोष्टींवर बारीक लक्ष ठेवा. तुमच्या स्फटिकांत द्रावकाचे रेणू अडकलेले असतील, तर गाळून वाळवताना ते निघून जातात आणि कॅप्सूलमध्ये पोचतो तो स्फटिकरचनेतला पदार्थ नसतो. भुकटीचा एक्स-रे नमुना मोजणीच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा घ्या. अक्षीय स्फटिक फील्डमध्ये फिरून रांगेत उभे राहतात आणि काय-टी खोटाच चढतो, म्हणून आयकोसेनमध्ये (मेणासारख्या हायड्रोकार्बनमध्ये) घट्ट बसवा. ते ३७ अंशांना वितळतं, नमुना तापत नाही. काय-टीच्या वक्रात ४० ते ६० केल्विनच्या दरम्यान छोटा उंचवटा दिसला तर रेणूत नवा चमत्कार शोधू नका, सीलबंद नळीत हवा शिरली आहे आणि ऑक्सिजन गोठतोय. ३०० केल्विनचा आकडा २८.३च्या दोन-तीन टक्क्यांत येत नसेल, तर वजन किंवा रेणुभार चुकलाय. टीजीएने (तापवताना घटणारं वजन मोजून) द्रावकाचं प्रमाण नक्की करा आणि मगच पुढचं काही बसवायला घ्या.

सिलोक्साइडचा रेणू मिळाला की हवेतली परीक्षाही साधीच करा: भुकटी उघड्या बशीत आठवडाभर ठेवा, मग एक्स-रे, आयआर (अवरक्त वर्णपट) आणि पुन्हा एसी. नुसता रंग बदलला नाही यावर विश्वास ठेवू नका. अक्षावरचा एक दाता पाण्याने हलवला तरी डायस्प्रोशियमचा पांढरा पदार्थ पांढराच राहतो, आणि बॅरियर मात्र गेलेला असतो.